प्रकाशाचे आवरण

अज्ञानाला अंधाराची उपमा देण्याची आपली रीत इतकी जुनी आहे की, ती मुळात उपमा आहे हेच विसरून जावे. गुरूला आपण ज्ञानदीप लावणारा म्हणतो, ग्रंथांना दीपिका, प्रदीप, मार्तंड अशी नावे ठेवतो, आणि पोराच्या हाती पाटी दिली म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढचा काळोख सरू लागला असे मानून समाधान पावतो. या सगळ्या बोलण्याच्या बुडाशी एक गृहीत धरलेली गोष्ट असते, ती ही की प्रकाश जितका अधिक तितके दर्शन अधिक. जमिनीच्या दप्तरात कारकुनी करण्यात माझे अर्धे आयुष्य गेले, आणि त्या काळात या गृहीतकाविषयी माझ्या मनात कधी किंतु आला नाही. तो आला एका संगणकाच्या काचेसमोर बसलो असता, आणि आला तोवर एका वृद्ध बाईला माझ्या न दिसण्यापायी तीन हेलपाटे पडून गेले होते. त्या बाईंचा विषय पुढे येईलच. आधी त्या काचेविषयी सांगणे जरूर आहे.

आमच्याकडे प्रथम आलेले मॉनिटर फुगीर काचेचे होते. फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने 1897 साली जी किरणनळी सिद्ध केली, तिचेच ते दूरचे वंशज. अशा नळीच्या पोटात निर्वात पोकळी असते आणि बाहेरून वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो या प्रमाणात तिच्यावर अहोरात्र पडलेला असतो. 17 इंची पडद्याच्या हिशेबी हा भार पाऊण टनाहून अधिक होतो. कमान ज्या न्यायाने माथ्यावरचे ओझे बाजूंना वाटून देते त्याच न्यायाने फुगीर काच हा दाब सोसते, आणि म्हणून काच सपाट करावयाची तर ती जाड व वजनदार करणे भाग पडते. सोनी कंपनीने 1968 साली बाजारात आणलेली ट्रिनिट्रॉन नळी उभ्या दिशेने सरळ आणि आडव्या दिशेने वक्र, अशी अर्ध्या वाटेवर थांबलेली होती; 1980 च्या दशकात झेनिथ कंपनीने काचेमागची सच्छिद्र धातूची जाळी ताणून बसवून खरोखर सपाट पडदा करून दाखवला; आणि 1990 चे दशक सरता सरता असे पडदे सर्वत्र दिसू लागले. आमच्या दप्तरात ते नव्या शतकाच्या आरंभी आले. दोन शिपायांनी उचलून टेबलावर ठेवलेला तो जड डबा आणि त्याचा आरशासारखा सरळ चेहरा पाहून आम्ही सगळेच हरखलो होतो. काच इतकी सपाट होती की, पहिले काही दिवस मजकूर मध्यभागी किंचित आत खचल्यासारखा वाटे. बाहेर फुगलेल्या पडद्याची सवय झालेल्या डोळ्यांना सरळपणाच वाकडा भासत होता.

फुगीर काचेत सारी खोली उमटत असे, परंतु लहान होऊन आणि वाकून. पाठीमागच्या भिंतीवरची ट्यूबलाइट त्या काचेत एखाद्या धनुकलीसारखी दिसे, आणि तिचा तो वाकडा, आखूड आकारच ती परकी असल्याची साक्ष देत असे. सपाट काचेचे तसे नव्हते. तिच्यात ट्यूबलाइट आपल्या मापाची, सरळ आणि आडवी उमटली. पडद्यावरील तक्त्याच्या ओळीही सरळ आणि आडव्या. तेव्हा ते प्रतिबिंब ओळींच्या रांगेत एखाद्या कोऱ्या ओळीप्रमाणे बेमालूम जाऊन बसले. शंकराचार्यांच्या अध्यासविचाराचे विवरण करताना पंडितांनी सादृश्याची पुष्कळ चर्चा केली आहे, आणि दोरीवर साप भासतो, हत्ती भासत नाही, हे उदाहरण आपल्या सर्वांच्या ओठांवर असते. वाकडे प्रतिबिंब मला फसवू शकले नाही आणि सरळ प्रतिबिंबाने मात्र फसवले, या माझ्या अनुभवाचे मूळ त्याच चर्चेत सापडते. जे मुळाशी अधिक इमानी असते ते अधिक सहज मुळाची जागा घेते.

पडद्यावरचे नीट वाचता येत नाही, अशी माझी तक्रार त्या दिवसांत सुरू झाली, आणि येथे मी जे केले ते तपशिलाने नमूद करतो, कारण या लेखाचे सगळे प्रयोजन त्यात आहे. मी अर्ज केला. सबब अशी लिहिली की, जागेवर उजेड अपुरा असल्याने नोंदी वाचण्यास अडचण पडते, तरी आणखी एक ट्यूबलाइट बसवण्याची तजवीज व्हावी. अर्ज रीतसर वर गेला, मंजूर होऊन आला, आणि माझ्या पाठीमागील भिंतीवर, माझ्या डोक्याच्या थोडी वर, दुसरी ट्यूब लागली. त्या दिवसापासून मला पूर्वीपेक्षाही कमी दिसू लागले. तरीही दोष उजेडाचा असेल असे माझ्या मनात आले नाही. मी चष्म्याचा नंबर तपासून घेतला.

काचेचे शास्त्र मी पुढे थोडेफार वाचले, आणि ते वाचताना वेदान्ताची परिभाषा वारंवार मनात येत गेली. बाहेरचा उजेड अशा पडद्याला दोन प्रकारांनी बाधतो. काचेच्या आतल्या अंगाला फॉस्फरचा फिकट लेप असतो. खोलीतला प्रकाश काच भेदून त्या लेपावर पडतो आणि चहूकडे विखरून परततो, त्यामुळे पडद्यावरील काळ्याचे करडे होते, अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला भेद मावळतो. दुसरा प्रकार काचेच्या बाह्य पृष्ठावरचा. हवा आणि काच यांच्या सीमेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा चार भाग आत न शिरता आरशातल्याप्रमाणे परत फिरतो. शेकडा चार हे प्रमाण ऐकायला क्षुल्लक वाटते. पण उघडी ट्यूबलाइट मुळातच इतकी तेजस्वी असते की, तिच्या तेजाचा पंचविसावा हिस्सादेखील त्या पडद्याच्या स्वतःच्या शुभ्रतेवर सहज मात करतो. वेदान्तात मायेच्या दोन शक्ती सांगितल्या आहेत, आवरण आणि विक्षेप. एक वस्तू झाकते आणि दुसरी तिच्या जागी भलतेच काही उभे करते. विखुरलेला उजेड आणि उमटलेले प्रतिबिंब यांचे नाते मला या जोडीसारखेच दिसते. ही दोन शास्त्रे एकमेकांची साक्ष देतात असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण विचाराला हातात धरण्यासारखी वस्तू मिळाली म्हणजे तो अधिक जपून चालतो.

पहिल्या बाधेवर कारागिरांनी योजलेला उपाय मला फार सुंदर वाटला. त्यांनी काचच किंचित काळसर केली. आतून निघणाऱ्या प्रकाशाला ती काच एकदाच ओलांडावी लागते, तर बाहेरून आलेल्या उजेडाला आत जाताना एकदा आणि परतताना एकदा, अशी दोनदा. काच निम्मा प्रकाश अडवणारी असेल तर पडद्याचे आपले तेज निम्मे उरते, पण परक्या तेजाचा चौथाच हिस्सा शिल्लक राहतो. आपले तेज कमी करून घेण्याची तयारी असेल तर परके तेज त्याहून अधिक कमी होते. दुसऱ्या बाधेवर मात्र हा उपाय चालत नाही, कारण ते प्रतिबिंब काचेच्या आत शिरतच नाही, उंबऱ्यावरूनच माघारी फिरते. तिच्यासाठी काचेवर अत्यंत पातळ थर देतात, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढ्या जाडीचा, की ज्यायोगे थराच्या दोन पृष्ठांवरून परतणारे तरंग एकमेकांना नाहीसे करतात. जुनाट, मळकटलेली काच नव्या काचेपेक्षा अधिक प्रकाश पलीकडे जाऊ देते, हे लॉर्ड रॅली यांच्या 1886 साली ध्यानात आले होते, आणि झाइस कंपनीत काम करणाऱ्या अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 मध्ये असा थर मुद्दाम चढवण्याची रीत शोधली. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात मळाने आरसा झाकला जावा तसे कामाने ज्ञान झाकले जाते, असे सांगितले आहे. आरशाच्या बाबतीत ते खरेच आहे. परंतु जी काच आपल्याला पाहण्यासाठी नसून पलीकडचे पाहण्यासाठी असते, तिच्यावरचा योग्य मापाचा मळ उपकारक ठरतो, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. प्रकाश हाच आवरण होऊ शकतो काय?

ईशावास्य उपनिषदाच्या काण्व पाठातील 15 व्या मंत्रात ऋषी म्हणतो की, सत्याचे मुख सोनेरी पात्राने झाकलेले आहे, आणि हे पूषन्, सत्यधर्मी अशा मला दर्शन व्हावे म्हणून ते तू दूर कर. लहानपणी हा मंत्र मी पाठ केला होता आणि त्या सोनेरी पात्राचा अर्थ संपत्ती, लोभ, संसाराचा झगमगाट असा घेतला होता. कीर्तनांतून आणि प्रवचनांतूनही तो तसाच ऐकला. हा अर्थ टाकाऊ नाही, पण पुढच्या मंत्रात ऋषी काय मागतो याकडे माझे लक्ष गेले नव्हते. तो सूर्याला सांगतो की, तुझे किरण बाजूला सार, तुझे तेज आवरून घे, म्हणजे तुझे जे परम कल्याणमय रूप आहे ते मी पाहीन. भाष्यकारांनी त्या पात्राचा अर्थ ज्योतिर्मय सूर्यमंडल असाच केला आहे. अर्थात येथे झाकणारी वस्तू अंधार नव्हे, तेज आहे, आणि झाकली गेलेली वस्तू त्या तेजाच्या मागे आहे. मरणाच्या उंबरठ्यावरील मानली गेलेली ही प्रार्थना. त्या घडीला मनुष्याने आणखी प्रकाश मागावा हे स्वाभाविक झाले असते. या ऋषीने प्रकाश आवरण्याची याचना केली. मी मात्र दुसऱ्या ट्यूबलाइटचा अर्ज केला होता.

त्याच उपनिषदात थोडे आधी एक वचन येते, ज्याच्यापुढे प्रत्येक वाचक अडखळतो: अविद्येची उपासना करणारे गाढ अंधारात शिरतात आणि विद्येतच रमणारे जणू त्याहूनही गाढ अंधारात. भाष्यकारांनी तेथील विद्येचा अर्थ देवताज्ञान असा मर्यादित करून घेतला आहे, आणि त्यांच्या सिद्धान्ताच्या दृष्टीने तसे करणे त्यांना क्रमप्राप्तच होते. परंतु सामान्य वाचकाने ते वचन आहे तसे काही काळ मनात ठेवावे, असे मला नम्रपणे वाटते. अविद्येच्या अंधारात असलेल्याला आपण अंधारात आहोत याची निदान जाणीव होण्याचा संभव असतो. तो चाचपडतो, विचारतो, दुसऱ्याचा हात धरतो. जो उजेडात बसला आहे त्याला न दिसलेली वस्तू मुळी नाहीच असे वाटते. गीतेच्या चौदाव्या अध्यायात सत्त्वगुणाला निर्मल आणि प्रकाशक म्हटले आहे, आणि लगोलग असेही म्हटले आहे की तो सुखाच्या व ज्ञानाच्या आसक्तीने बांधतो. तमाचे बंधन कोणालाही कळते. प्रकाशक असूनही बांधणारा गुण कसा असेल, हे मला कित्येक वर्षे नुसते शब्दाने माहीत होते.

या ठिकाणी एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. काचेवरचे प्रतिबिंब हे खोटे, भ्रामक. मग झाकणारा तो प्रकाश कसला, ती तर प्रकाशाची बनावट नक्कल. प्रतिबिंब खोटे आहे काय, हा वाद अद्वैत्यांनी आपापसांत शतकानुशतके केला आहे. पद्मपादाचार्यांची पंचपादिका आणि तिच्यावरचे प्रकाशात्मयतींचे विवरण यांचे म्हणणे असे की, आरशातले मुख मानेवरील मुखाहून निराळे नाहीच. ते तेच मुख आहे, केवळ त्याचे आरशात असणे आणि आपल्याहून वेगळे असणे एवढेच मिथ्या. उलट सुरेश्वराचार्यांच्या परंपरेत प्रतिबिंब हा आभास आहे, समूळ मिथ्या आहे. विद्वानांच्या या वादात निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही. तरी त्या टेबलाशी बसून जे पाहिले त्यावरून माझे मन विवरणकारांकडे झुकते. काचेतल्या ट्यूबलाइटमध्ये खोटे काहीच नव्हते. आपतन आणि परावर्तन यांचे कोन समान, या नियमाला ती काटेकोर धरून होती. पडदा दहा अंशांनी वळवला तर ती नियमाप्रमाणे वीस अंशांनी सरकली असती. तिचे तेज खरे होते, आकार खरा होता. चूक एवढीच होती की, माझ्या पाठीमागे असलेली वस्तू मी माझ्या पुढ्यात मानली.

हे पाठीमागे असणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पडद्याला बाधणारा उजेड पडद्याच्या बाजूने कधीच येत नाही. तो पाहणाऱ्याच्या बाजूचा असतो, त्याच्या खांद्यावरून जातो, आणि त्याची स्वतःची खिडकी, त्याची स्वतःची भिंत, त्याचा पांढरा सदरा, एवढेच घेऊन परततो. छांदोग्य उपनिषदात इंद्र आणि विरोचन बत्तीस वर्षे ब्रह्मचर्याने राहिल्यावर प्रजापती त्यांना पाण्याच्या पात्रात पाहावयास सांगतो, आणि दोघांनाही तेथे आपापले नटलेले देह दिसतात. विरोचन तृप्त होऊन निघून जातो. इंद्र वाटेतून परततो, कारण देह आंधळा झाला तर पाण्यातला पुरुषही आंधळा होईल ही शंका त्याला स्वस्थ बसू देत नाही, आणि मग त्याची एकूण एकशे एक वर्षे त्या आश्रमात जातात. दोघांनी पाहिले ते एकच. त्या पात्रात पाणीही होते आणि पात्राचा तळही असणार, पण त्यांपैकी एकही कोणाला दिसला नाही, कारण वरचे प्रतिबिंब लख्ख होते. कथेत याचा उल्लेख नाही, पण मला अलीकडे त्या पात्राचा तळच आठवत राहतो.

सांख्यांमध्ये विज्ञानभिक्षूंनी पुरुष बुद्धीत आणि बुद्धी पुरुषात, असे परस्पर प्रतिबिंब मानले आहे. रात्री उशिरापर्यंत काम चाले तेव्हा पडदा माझ्या चष्म्यात उमटे आणि तो चष्मा पुन्हा काचेत, आणि कोणाचे तेज कोणावर पडले आहे याचा निर्णय करणे अशक्य होऊन जाई. यापेक्षा अधिक मला त्या मताविषयी सांगता येणार नाही.

आता त्या बाईंविषयी. एका मयत खातेदाराच्या वारसांची नोंद झाली होती आणि तिची नक्कल द्यावयाची होती. छपाईचे यंत्र नादुरुस्त होते, सबब मी पडद्यावरून पाहून हाताने नक्कल उतरवली, खाली सही-शिक्का केला आणि ती मयताच्या मुलांच्या हवाली केली. तीत चार नावे होती. काही दिवसांनी मयताची थोरली मुलगी आली. ती स्वतःच साठीपलीकडची, विधवा होती. आपले नाव नकलेत का नाही, असे तिने विचारले. मी पडद्यावर नोंद काढली, पाहिले, आणि सांगितले, "आजी, नोंदीत चारच वारस आहेत." ती काही न बोलता गेली. आठवड्याने पुन्हा आली. मी पुन्हा त्याच खुर्चीत बसून, त्याच कोनातून, त्याच दोन ट्यूबलाइटींच्या उजेडात पाहिले आणि तेच सांगितले. या वेळी माझ्या स्वरात थोडा कोरडेपणा होता, हे मला आजही लख्ख आठवते. मला खात्री होती. मी डोळ्यांनी पाहिले होते, आणि भरपूर उजेडात पाहिले होते. त्या बाईच्या सांगण्याला कागदाचा आधार नव्हता आणि माझ्या सांगण्याला होता, एवढे माझ्या बुद्धीला पुरेसे वाटले. ओळींच्या रांगेत एक पांढरी जागा आहे, आणि तक्त्यात अशी जागा असण्याचे कारण नाही, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

दोन्ही वेळा ती टेबलाच्या पलीकडे, मॉनिटरच्या पाठीशी उभी राहिली होती. तिसऱ्या वेळी बाजाराचा दिवस होता, पलीकडे गर्दी होती, म्हणून शिपायाने तिला आतल्या बाजूने आणून माझ्या खुर्चीमागे उभे केले. मला ती प्रथम काचेतच दिसली. गडद लुगड्याची, डोक्यावर पदर घेतलेली एक काळसर आकृती पडद्याच्या वरच्या भागात सरकत आली आणि थांबली. तिच्या देहाने पाठीमागच्या ट्यूबलाइटी अडवल्या होत्या, आणि जिथे तिची सावळी आकृती पडली होती तेवढ्याच जागेत, त्या आकृतीच्या आत, पांढरा पट्टा नाहीसा होऊन काळी अक्षरे वर आली. पाचवे नाव तिचे होते. पतीचे नाव, मुक्काम, हिस्सा, सर्व बिनचूक होते.

"भाऊसाहेब, बघता न्हवं?" ती मागून म्हणाली.

मी खुर्ची वळवली. काचेतल्या त्या आकृतीला चेहरा नव्हता, आणि मागे दोन्ही वेळा ती समोर उभी असताना मी मॉनिटरवरून मान वर करून तिच्याकडे नीटसे पाहिलेही नव्हते. मी उठून तिला माझ्या खुर्चीत बसवले. ती बसली आणि तिची सावली काचेवरून उतरली. पट्टा पुन्हा आपल्या जागी आला. तेव्हा मी पाठमोरा होऊन, जेथे ती उभी होती तेथे, ट्यूबलाइटींच्या आड उभा राहिलो, आणि तिच्या खांद्यावरून वाकून पाचही नावे क्रमाने मोठ्याने वाचली. आपले नाव आल्यावर तिने मान हलवली, आणि पुन्हा एकदा वाचा म्हणाली.